किल्ली समाजवाद्यांच्या हाती

२०२४ साली अवघ्या तीन महिन्यांत स्पेनमधल्या तीन प्रांतांत विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या: १८ फेब्रुवारीला गॅलिसिया, २१ एप्रिलला बास्क, १२ मेला कॅटलोनिया. तिन्ही प्रांतांना स्वतःची भाषा आहे, स्वतःचं सरकार आहे. आणि आपण वेगळं राष्ट्र आहोत असं मानणारा एकेक वजनदार डावा पक्षही आहे. माद्रिदमध्ये हे तिन्ही पक्ष समाजवादी पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या पाठीशी होते. गॅलिसियातला ‘बीएनजी’ १९ जागांवरून २५ वर गेला, बास्कमधला ‘बिल्दू’ २१ वरून २७ वर. कॅटलोनियातला ‘एस्केरा’ मात्र ३३ वरून २० वर घसरला. वरवर पाहता दोघांची सरशी, एकाची हार. प्रत्यक्षात प्रांताचं प्रमुखपद दोघांच्या हाती आलं नाही आणि तिसऱ्याच्या हातून गेलं. तिन्ही निकालांचा उलगडा होतो तो समाजवाद्यांच्या जागा मोजल्यावर.

गॅलिसिया: सहावरून पंचविसावर

बीएनजीची स्थापना १९८२ ची. १९९७ मध्ये १८ जागा मिळवून तो समाजवाद्यांनाही मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर आला होता. त्या यशाचे शिल्पकार शोसे मानुएल बेइरास २०१२ मध्ये पक्ष सोडून वेगळी आघाडी घेऊन उतरले आणि जुन्या पक्षापेक्षा जास्त जागा घेऊन गेले. २०१६ मध्ये बीएनजीकडे सहाच जागा उरल्या.

तिथून आना पोन्तोन यांनी पक्ष पुन्हा उभा केला. भर होता सरकारी आरोग्यसेवेवर. त्यात २०२४ च्या जानेवारीत एका मालवाहू जहाजावरून पडलेल्या कंटेनरमधले प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर पसरले. लोक हाती चाळण्या घेऊन वाळू चाळत होते, आणि प्रांत सरकार उशिरा हललं हा प्रचारातला मुद्दा झाला.

बीएनजीला ३१ टक्क्यांवर मतं पडली. इतकी त्याला कधीच पडली नव्हती. पण समाजवादी १४ वरून ९ वर आले. दोघांच्या मिळून जागा २०२० मध्ये ३३ होत्या, आता ३४. बहुमताला ३८ लागतात आणि उजव्या पीपल्स पार्टीने ४० राखल्या. बीएनजीच्या पानात पडलं ते बव्हंशी मित्राच्या पानातलं.

बास्क: बरोबरी, तरी विरोधी बाक

बिल्दूची वाट याहून अवघड. ‘एटा’ या सशस्त्र संघटनेने आठशेहून अधिक माणसं मारली. तिच्याशी असलेल्या संबंधांवरून बातासुना पक्षावर २००३ मध्ये बंदी आली. एटाने २०११ मध्ये हिंसा कायमची थांबवली, २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. बिल्दूत बातासुनाच्या परंपरेतले लोक आहेत, तसा हिंसेला विरोध करत आलेला एउस्को आल्कार्तासुना हा पक्षही आहे. २०२४ चे उमेदवार पेल्यो ओचान्दियानो हे अभियंते. प्रचार घरांचा आणि सरकारी दवाखान्यांचा. मतदान तोंडावर असताना रेडिओ मुलाखतीत एटाला दहशतवादी म्हणायचं त्यांनी टाळलं. गदारोळ उठला, पीडितांची क्षमा मागावी लागली. तरीही पीएनव्ही या मध्यममार्गी राष्ट्रवादी पक्षाइतक्याच, २७ जागा आल्या.

या बरोबरीत जागावाटपाचाही हात आहे. बास्क विधिमंडळात तीन जिल्ह्यांना प्रत्येकी २५ जागा, मग तो अकरा लाखांवर वस्तीचा बिस्काइया असो की तीन लाखांवरचा आराबा. बिस्काइया पीएनव्हीचा गड. बिल्दू पहिला आला तो गिपुस्कोआ आणि आराबात. त्यामुळे ३५ टक्के मतांना २७ जागा आणि ३२ टक्क्यांनाही २७. शिवाय बिल्दूची वाढ बव्हंशी इतर डाव्यांच्याच जागांतून आली: बिल्दू आणि डावा पोदेमोस यांच्या मिळून २०२० मध्ये २७ जागा होत्या. या वेळी बिल्दू आणि डावी सुमार आघाडी यांच्या २८. बिल्दूला सत्ता देणार नाही, हे समाजवाद्यांनी मतदानाआधीच सांगून टाकलं होतं. त्यांच्या १२ जागा पीएनव्हीकडे गेल्या आणि त्या पक्षाचे इमानोल प्रादालेस प्रांतप्रमुख झाले.

कॅटलोनिया: सत्तेची किंमत

एस्केरा १९३१ चा पक्ष. त्याचे नेते लुईस कुंपान्स यांना फ्रँको राजवटीने १९४० मध्ये गोळ्या घातल्या. २०२१ मध्ये पेरे अरागोनेस प्रांतप्रमुख झाले; पुढच्याच वर्षी सहकारी स्वातंत्र्यवादी पक्ष जुन्त्स बाहेर पडला आणि १३५ च्या सभागृहात ३३ जागांवर गाडा ओढायची वेळ आली. त्यात दुष्काळ: फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोना परिसरात पाण्याची आणीबाणी जाहीर झाली. मार्चमध्ये कॅसिनोच्या एका प्रकल्पावरून डाव्या कोमुन्स पक्षाने अर्थसंकल्प पाडला आणि निवडणूक लागली. समाजवादी ३३ वरून ४२ वर गेले, जुन्त्स ३२ वरून ३५ वर. लहानमोठ्या सगळ्या स्वातंत्र्यवादी पक्षांची बेरीज ७४ वरून ६१ झाली. बहुमत ६८ चं. ऑगस्टमध्ये एस्केराच्या सदस्यांनी ५३ टक्क्यांच्या निसटत्या कौलाने समाजवादी साल्वादोर इल्या यांना पाठिंबा दिला. मोबदला: कॅटलोनियाचे कर कॅटलोनियाने गोळा करण्याचं आश्वासन.

डाव्या राष्ट्रवाद्यांचं त्रांगडं इथे उघडं पडतं. राष्ट्राच्या प्रश्नावर समाजवादी त्यांचे विरोधक, दवाखाना नि घराच्या प्रश्नावर सख्खे शेजारी. मतदार मधलं कुंपण सहज ओलांडतो. समाजवादी फुगले तर ती मतं जातात, आटले तर बहुमताला जोडीदार पुरा पडत नाही, आणि बास्कसारखे मध्येच बसले तर ते दुसऱ्याशी संसार थाटतात. या कोंडीतून सुटायचं तर बीएनजीला पीपल्स पार्टीचा मतदार फोडावा लागेल आणि बिल्दूला पीएनव्हीचा. २०२४ मध्ये तेवढी मजल दोघांनाही मारता आली नाही.