उजाड अरण्याचा जीर्णोद्धार

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं शाळेच्या कुंपणालगत रोपें लाविलीं. त्या दिवशीं उत्साहास तोटा नव्हता. परंतु वैशाखांत पाणी घालावयास कोणी उरलें नाहीं, आणि निम्मीं रोपें वाळून गेलीं. द्रव्यदानाचेंही असेंच आहे. एका दिवसाचें दान व अनेक वर्षांचें दान यांत केवढें अंतर असतें, हें आफ्रिकेंतील एका अरण्याच्या उदाहरणावरून पाहूं.

मोझांबिक देशांत गोरोंगोझा नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. त्या देशांतील पोर्तुगीज ठाण्यांचा कारभार 1752 पर्यंत गोव्याहूनच चाले. म्हणून तो देश आपणांस अगदींच परका नाहीं. हें उद्यान 1960 सालीं स्थापन झालें. पुढें 1977 पासून 1992 पर्यंत तेथें यादवी युद्ध चाललें. मांसासाठीं व हस्तिदंतासाठीं इतकी शिकार झाली कीं, सुमारें 2,500 हत्तींपैकीं 200 देखील उरले नाहींत. चरणारीं जनावरें नाहींशीं झालीं म्हणजे गवत माजतें, वणव्यांस इंधन मिळतें, आणि भक्ष्यावांचून सिंहही राहत नाहींत. एक दुवा तुटला कीं सारी सांखळीच ढिली होते.

ग्रेग कार हे अमेरिकन उद्योजक 2004 सालीं तेथें गेले. 2008 सालीं त्यांच्या प्रतिष्ठानानें तेथील सरकारशीं 20 वर्षांचा करार केला, व 2018 सालीं तो आणखी 25 वर्षें वाढविण्यांत आला. देणगीदार मालक झाला नाहीं. उद्यान त्या राष्ट्राचेंच राहिलें.

पैसा केवळ जनावरांवर खर्च झाला नाहीं, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेंतून रानरेडे आणिले, वनरक्षक नेमिले. पण त्याचबरोबर आसपासच्या खेड्यांतील मुलींच्या शिक्षणासही हात दिला. गोरोंगोझा पर्वतावरचा पाऊस खालच्या सरोवरास पाणी पुरवितो. तेथील झाडें शेतीसाठीं तुटूं लागलीं, तेव्हां देशी वृक्षांच्या सावलींत कॉफी लावण्यास शेतकऱ्यांस साह्य केलें. झाड राखण्यांतच पोट भरूं लागलें, म्हणजे कुऱ्हाड आपोआप थांबते. मार्च 2019 मधील ‘इदाई’ चक्रीवादळांत ह्याच वनरक्षकांनीं गांवोगांवीं अन्न पोहोंचविलें.

2018 च्या गणतींत 500 हून अधिक हत्ती आढळले. तरीही सर्व जखमा पैशानें भरत नाहींत. दंतवाले हत्ती वेंचून मारले गेल्यामुळें बिनदंती हत्तिणी अधिक वांचल्या, आणि तो गुण त्यांच्या लेकींतही उतरला. नाश करावयास पंधरा वर्षें पुरलीं. दुरुस्तीस पिढ्या लागतील.

बालमित्रहो, आपणांपाशीं कारांसारखी संपत्ति नाहीं. पण चिकाटीस संपत्ति लागत नाहीं. यंदा आम्हीं प्रत्येक वर्गास पाणी घालण्याची पाळी नेमून दिली आहे. मे महिन्याच्या सुट्टींत गांवांतच राहणाऱ्या मुलांच्या पालकांनीं ती पाळी चुकूं देऊं नये, एवढीच आमची विनंती आहे. रोप लावणें हा आरंभ होय. तें जगविणें हेंच खरें दान होय.