दूरच्या युद्धाची बातमी कशी ऐकावी?



दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. युद्धाचेही तसेच असते. ते दूर असले की त्याच्या गप्पा रंगतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. तेव्हापासून आपल्याकडे देवळाच्या पारावर, एस. टी. च्या थांब्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत या युद्धावर पुष्कळ बोलणे झाले. कोणी म्हणाले, ‘रशिया आपला जुना दोस्त, तो सांगेल ते खरे.’ कोणी म्हणाले, ‘मोठ्यांची भांडणे ही, आपल्याला काय त्याचे?’ आणि मोबाइलवर आलेले एखादे चित्र दाखवून कोणी सगळा निकालच लावून टाकला.

आज मला त्या युद्धाचा निकाल सांगायचा नाही. दूरच्या युद्धाची बातमी पारखून कशी घ्यावी आणि पारखल्यावर मत कसे द्यावे, एवढेच सांगायचे आहे. बाजारात धान्य घेताना तुम्ही पोत्याच्या वरच्या थराला भुलत नाही. आत हात घालता, मूठभर दाणे काढता, तळहातावर पसरून पाहता. बातमीचेही तेच करायचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा. युक्रेन हा काही चिमुकला मुलूख नव्हे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. मधून नीपर नदी वाहते आणि दक्षिणेला काळ्या समुद्राला मिळते. त्या समुद्रात क्रिमियाचे द्वीपकल्प शिरलेले आहे. देशातील बरीचशी जमीन काळी. तिथल्या भाषेत तिचे जे नाव आहे त्याचा अर्थही ‘काळी माती’ असाच. आपल्या काळीहून ती निराळी, शतकानुशतके गवत कुजून कसदार झालेली. गहू, मका आणि सूर्यफूल यांचे ते मोठे आगर आहे.

गुरुजनांना माझी सूचना अशी, की वर्गात हा नकाशा काढाल तेव्हा त्यावर तीन रेघा निरनिराळ्या रंगांनी काढा. एक रेघ कायद्याने मानलेल्या सरहद्दीची. दुसरी, एखादा देश जेवढ्या मुलखावर हक्क सांगतो त्याची. तिसरी, प्रत्यक्ष सैन्य जिथे उभे आहे त्याची. बातमी ऐकताना या तीन रेघांची गल्लत झाली की सगळेच चुकते. उदाहरण सांगतो. ३० सप्टेंबर २०२२ रोजी रशियाने युक्रेनचे चार प्रांत आपल्यात सामील झाल्याची घोषणा केली. त्यांत खेरसोन हा एक. पण पुढे सहा आठवड्यांतच, ११ नोव्हेंबरला, खेरसोन शहरात युक्रेनचे सैन्य परत आले आणि रशियाच्या फौजा नदीपलीकडे गेल्या. घोषणेची रेघ एकीकडे, सैन्याची दुसरीकडे. आणि कायद्याची रेघ जिथे होती तिथेच राहिली.

ही कायद्याची रेघ आली कुठून? १९९१ साली सोव्हिएट संघ मोडला. त्या वर्षी १ डिसेंबरला युक्रेनमध्ये सार्वमत झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. रशियन भाषा बोलणारे लोक पुष्कळ असलेल्या क्रिमियातही निम्म्याहून अधिक मते तशीच पडली. त्या वेळी सोव्हिएट काळातील अण्वस्त्रांचा फार मोठा साठा युक्रेनच्या भूमीवर होता. तो सोडून देण्यास युक्रेन तयार झाले. त्याच्या बदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी लेखी आश्वासन दिले, की युक्रेनचे स्वातंत्र्य आणि त्याच्या तेव्हाच्या सरहद्दी आम्ही मानू. २०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला, पूर्वेकडच्या दोनबास भागात लढाई पेटली आणि २०२२ साली सबंध देशावरच चाल झाली. एवढा इतिहास पाठ असला, तरी पुष्कळ बातम्यांचा अर्थ आपोआप लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. रशियाच्या सरकारने या चढाईला ‘विशेष लष्करी कारवाई’ असे नाव दिले. ४ मार्च २०२२ रोजी तेथे असा कायदा झाला, की सैन्याविषयी सरकारच्या मते खोटी असलेली माहिती पसरवणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता तुम्हीच सांगा, जिथे शब्द चुकला तर तुरुंग, तिथून येणारी बातमी आपण कशी ऐकायची? ती ऐकूच नये असे मी म्हणत नाही. पण बोलणाऱ्याच्या गळ्याला दोरी आहे, हे ध्यानात ठेवून ती ऐकायला हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे दावा आणि पुरावा यांतला फरक. लढणारा प्रत्येक पक्ष आपली बाजू फुगवून सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराची प्रमुख युद्धनौका ‘मोस्क्वा’ बुडाली. युक्रेन म्हणाले, आमच्या क्षेपणास्त्रांनी बुडवली. रशिया म्हणाला, जहाजावर आग लागली, दारूगोळा उडाला आणि ओढून नेताना वादळात ती बुडाली. कारणे दोन सांगितली गेली, पण जहाज बुडाले हे दोघांनाही मान्य होते. अशा वेळी जे दोघांना मान्य, ते आधी वेगळे काढावे आणि मग उरलेल्याचा विचार करावा.

पण फुगवणे हे एकाच बाजूचे काम नाही, हेही सांगितले पाहिजे. युद्धाच्या पहिल्याच दिवशी सर्पबेट नावाच्या छोट्या बेटावरचे सगळे युक्रेनी सैनिक शेवटपर्यंत लढून मेले, असे युक्रेनच्या अध्यक्षांनी जाहीर केले. काही दिवसांनी कळले, की ते जिवंत आहेत, कैदेत आहेत. कीव्हच्या आकाशात शत्रूची विमाने एकट्याने पाडणाऱ्या एका वैमानिकाची कथा जगभर फिरली. पुढे युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितले, की असा कोणी एक वैमानिक नाही, ती लोकांनी रचलेली दंतकथा आहे. संकटात सापडलेल्या लोकांना अशा कथा धीर देतात, हे समजण्यासारखे आहे. पण आपण त्या खऱ्या म्हणून पुढे पाठवू नयेत.

आणि घाई तर मुळीच नको. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी पोलंडच्या सरहद्दीवरील एका खेड्यात धान्य वाळवण्याच्या जागी क्षेपणास्त्र पडून दोन माणसे दगावली. काही तासांत बातमी पसरली, की ते रशियाचे क्षेपणास्त्र. पोलंड नाटो करारातला देश. तेव्हा आता महायुद्ध होणार, अशी बोलणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पोलंडच्या आणि नाटोच्या प्रमुखांनी सांगितले, की रशियाचा मारा अडवण्यासाठी युक्रेनने सोडलेले ते क्षेपणास्त्र असावे. एका रात्रीचा धीर धरला असता, तर किती बोलणे वाचले असते!

मग खरे कळतच नाही का? कळते, पण ते कष्टाने कळते. कीव्हजवळ बुचा नावाचे गाव आहे. मार्च २०२२ च्या अखेरीस रशियाच्या फौजा तेथून निघून गेल्या, तेव्हा रस्त्यावर नागरिकांची प्रेते आढळली. रशियाने म्हटले, आम्ही गेल्यानंतर हा देखावा रचला. पण मार्चच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे गाव रशियाच्याच ताब्यात असताना, उपग्रहाने वरून घेतलेली चित्रे उपलब्ध होती. त्यांत त्याच रस्त्यावर, त्याच जागी प्रेते दिसत होती. एका चित्राने दावा खोटा ठरला. पण ते चित्र तारीख आणि जागा ताडून पाहिलेले होते, म्हणून.

मृतांच्या मोजणीचेही असेच आहे. लढणारी सरकारे आपले मेलेले कमी आणि शत्रूचे जास्त सांगतात. म्हणून ‘मीडियाझोना’ हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बी. बी. सी. ची रशियन शाखा यांनी वेगळा मार्ग धरला. गावोगावच्या निधनवार्ता, कबरस्तानातील नव्या थडग्यांची चित्रे यांवरून मेलेल्या रशियन सैनिकांची एकेक नावे ते गोळा करत गेले. नाव सापडले तरच मोजायचे. संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षकही युक्रेनमधील मृत नागरिकांची नोंद पडताळणी झाल्यावरच करतात आणि सोबत सांगतात, की खरा आकडा याहून मोठा असणार. जो मोजणारा आपल्या मापाची मर्यादा सांगतो, त्याच्या मापावर जास्त विश्वास ठेवावा.

आता मत देण्याविषयी बोलू. पुष्कळ लोकांना वाटते, की दोन्ही बाजू फुगवून सांगतात म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच. इथे मात्र थांबा. बांधाचे भांडण तुम्हाला सांगायला नको. समजा, शेजाऱ्याने बांध कोरून नांगर तुमच्या रानात घातला. तक्रार करताना तुम्ही चार बिघे गेले म्हणालात, प्रत्यक्षात तीन गेले. तुमच्या सांगण्यात एका बिघ्याची अतिशयोक्ती झाली खरी. पण म्हणून नांगर कोणी घातला, हा प्रश्न मिटतो का? बातमी पारखणे वेगळे आणि न्याय पारखणे वेगळे. पहिल्यात दोघांच्याही शब्दांवर संशय घ्यावा. दुसऱ्यात सरहद्द कोणी ओलांडली ते पाहावे.

रशियाची बाजू ऐकायचीच नाही, असेही नव्हे. पूर्व युरोपातील एकेक देश नाटोमध्ये गेला, २००८ साली नाटोने युक्रेनही कधीतरी सभासद होईल असे जाहीर केले आणि त्यामुळे आपल्याला धोका वाटला, असे रशिया सांगतो. हे कारण समजून घ्यावे. पण कारण समजणे म्हणजे कृत्य योग्य ठरवणे नव्हे. शिवाय फौजा शिरल्या तेव्हा युक्रेन नाटोचे सभासद नव्हते. आणि २०२१ च्या जुलैत रशियाच्या अध्यक्षांनी जो लांबलचक लेख प्रसिद्ध केला, त्यात रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत, असे प्रतिपादन होते. म्हणजे प्रश्न नुसत्या कराराचा नव्हता; शेजाऱ्याचे वेगळेपण मान्य आहे की नाही, असाही होता.

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत या चढाईचा निषेध झाला. १४१ देश बाजूने, ५ विरुद्ध आणि ३५ तटस्थ. भारत तटस्थांत होता. सरकारला शस्त्रे, तेल, खते, सगळ्यांचा हिशेब पाहावा लागतो. तो धोरणाचा भाग झाला, आणि त्यावर मतभेद असू शकतात. पण सरकार तटस्थ राहिले म्हणून नागरिकाने डोळे मिटावेत, असे कोठे लिहिलेले नाही.

‘आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. युद्धापूर्वी आपल्या देशात येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलाचा फार मोठा वाटा युक्रेनमधून येत असे. युद्ध सुरू झाले आणि आपल्या फोडणीपर्यंत त्याची झळ आली. वैद्यकीचे शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुले, त्यांत महाराष्ट्रातलीही, तेथून परत आणावी लागली. कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकीव्ह शहरात प्राणास मुकला. काळ्या समुद्रातली बंदरे अडली तेव्हा धान्याअभावी गरीब देश हवालदिल झाले. जुलै २०२२ मध्ये इस्तंबूल येथे करार होऊन वर्षभरात तीन कोटी टनांहून अधिक धान्य बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये रशिया त्या करारातून निघाला.

शेवटी एक जुनी हकीगत सांगतो, कारण ती याच भूमीतली आहे. १९३२-३३ साली, स्टालिनच्या अमलाखाली, शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य काढून घेतल्यामुळे युक्रेनमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. गॅरेथ जोन्स नावाचा वेल्सचा तरुण पत्रकार १९३३ च्या मार्चमध्ये तिथल्या खेड्यांतून पायी हिंडला आणि बाहेर पडून त्याने जगाला सांगितले, की दुष्काळ पडला आहे. मॉस्कोत बसलेला, आदल्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळवलेला, न्यूयॉर्क टाइम्सचा वॉल्टर ड्युरांटी याने लिहिले, की टंचाई आहे, पण दुष्काळ म्हणावा असे काही नाही. नाव मोठे कोणाचे? ड्युरांटीचे. खेड्यात जाऊन पाहिले कोणी? जोन्सने. पुष्कळांनी मोठ्या नावावर विश्वास ठेवला, आणि त्या काळ्या मातीत शेतकरी मरत राहिले. ज्याच्या घासातले धान्य गेले, त्याच्याच तोंडचा शब्दही गेला.

म्हणून गुरुजनांनो, वर्गात एक वही ठेवा. आठवड्याला एकच बातमी. तारीख घाला, ठिकाण घाला, आणि लिहा: हे कोण सांगतो? त्याने स्वतः पाहिले का? दुसऱ्या कोणी पडताळले का? पंधरा दिवसांनी तीच बातमी मुलांकडून पुन्हा वाचून घ्या आणि खरी ठरली की खोटी, ते समोर लिहायला सांगा. आणि शेतकरी बंधूंनो, कोणी पारावर मोबाइल पुढे करून ‘हे बघा’ म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा, ‘बाबा, हे चित्र कुठले आणि कधीचे?’ उत्तर आले तर ऐकून घ्या. नाही आले, तर पुढे पाठवू नका.