गिटारच्या ॲम्प्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह

गिटार वाजवणारे काही जण आजही काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वापरतात. कुणाच्या पोराने जुना आणला असेल, तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करू देऊ नका. आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्हमधली नारिंगी धग नेहमीचीच, दिसतेही छान! पण आतला पत्राच लाल झाला, तर लगेच बंद करा. काचेच्या आतला चंदेरी थर दुधासारखा पांढरा पडला, की हवा शिरली. तो व्हॉल्व्ह गेला. मोठे व्हॉल्व्ह एकसारख्या जोडीनेच बदलतात, तेही गार झाल्यावर. खोका मात्र घरी उघडायचा नाही, तिथे जाणकार मेकॅनिकच हवा. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, आणि तो झटका जिवावर बेततो.