अमेरिकेत सॉफ्टबॉलचा कॉलेज कोच करोडो कमावतो, मग अमरावती-अकोल्यात हे काम कोण करतं?

अमेरिकेच्या ओक्लाहोमा विद्यापीठात पॅटी गॅसो नावाच्या बाई आहेत. त्यांची नोकरी एकच, ती म्हणजे विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचं कोचिंग. या कामाचे त्यांना वर्षाला १० लाख डॉलरहून जास्त मिळतात. हाताखाली असिस्टंट कोच आहेत आणि टीमसाठी स्वतंत्र स्टेडियम आहे.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. अमरावती, अकोल्यातल्या मुलीही सॉफ्टबॉल खेळतात. शालेय स्पर्धांपासून आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत टीम जातात. पण कॉलेजमध्ये 'सॉफ्टबॉलचा हेड कोच' असं पद शोधायला गेलात तर सापडणार नाही. मग या टीम घडवतं कोण? आणि एखाद्या मुलीला यातच करिअर करायचं असेल, तर रस्ता कोणता?

आधी खेळ समजून घेऊ

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालचा, शिकागोचा. बेसबॉल बंद जागेत खेळता यावा म्हणून काढलेला हा प्रकार पुढे मैदानात आला. टीममध्ये नऊ खेळाडू आणि सामन्यात सात इनिंग. बेसबॉलशी मोठा फरक बॉल टाकण्याचा. इथे पिचर हात खालून फिरवून बॉल टाकते. महिलांच्या खेळात पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर ४३ फूट, म्हणजे साधारण १३ मीटर. चांगल्या पिचरचा बॉल ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

गॅसोबाईंची सुरुवात कुठून झाली?

त्याही थेट स्टेडियममध्ये उतरल्या नव्हत्या. आधी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात त्यांनी कोचिंग केलं. १९९५ च्या मोसमापासून त्या ओक्लाहोमात आल्या. तेव्हा विद्यापीठाच्या टीमला स्वतःचं मैदान नव्हतं. मुली गावातल्या सार्वजनिक पार्कात खेळायच्या. १९९८ मध्ये हक्काचं मैदान मिळालं, २००० मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं त्यांची टीम जिंकली आणि विजेतेपदांचा आकडा आठवर गेला. २०२४ मध्येच टीम नव्या स्टेडियममध्ये गेली.

यामागे एक कायदा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेने नियम केला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही. त्यामुळे कॉलेजांना मुलींच्या टीम उभ्या कराव्या लागल्या. टीम आल्या म्हणून कोचची पदं आली, पदं आली म्हणून लोक तीस-तीस वर्षं एकाच खेळात मुरले.

वऱ्हाडात हे काम कोणाकडे?

उत्तर आहे 'पीडी सर' किंवा 'पीडी मॅडम'. कागदोपत्री पद शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. बहुतेक कॉलेजात हे पद एकच असतं. म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ आणि सॉफ्टबॉल, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. जागा रिकामी असेल तर तासिका तत्त्वावर कोणी तरी काम पाहतं, नाहीतर दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे जादा जबाबदारी येते.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाची टीम निवडली जाते, तिचं सराव शिबिर होतं आणि मग ती आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. त्या टीमला कोच आणि मॅनेजर मिळतात, पण तेवढ्यापुरते. स्पर्धा संपली की कोच परत आपल्या कॉलेजच्या कामाला.

बाकी वर्षभर खेळ जिवंत ठेवतात ते जुने खेळाडू. स्वतःचा कलर कोट मिळवून झालेला दादा किंवा ताई सकाळी मैदानावर येते, लहान मुलींना पिचिंग दाखवते आणि मग आपल्या नोकरीवर जाते. कोच म्हणून त्यांना बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, मिळालं तर मानधन.

गंमत म्हणजे खेळ शिकवणारी माणसं घडवण्यात अमरावतीचं नाव जुनं आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकलेले शिक्षक महाराष्ट्रभर नोकरी करतात. म्हणजे माणसं घडवायची सोय गावातच आहे. कमी आहे ती त्यांना एकाच खेळात राहू देणाऱ्या पदाची.

पण वेगळा कोच हवाच कशाला?

कारण पिचर एका शिबिरात तयार होत नाही. हात फिरवताना खांदा, कंबर आणि पाऊल यांचा मेळ बसायला वर्षं लागतात. चुकीची सवय लागली तर वेग मिळत नाही, उलट खांदा दुखावतो. कॅचरने कुठे बसायचं, बेस कधी सोडायचा, बंट कधी मारायचा, हे रोज बघणारा माणूस असेल तरच अंगात भिनतं.

दुसरं कारण वयाचं. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडूचं वय १७ ते २५ च्या आत लागतं. बारावीनंतर कॉलेजात आलेल्या मुलीच्या हातात मोजकी वर्षं असतात. त्यातलं एक वर्ष कोच नाही म्हणून गेलं, किंवा कॉलेजने प्रवेशिका वेळेत पाठवली नाही म्हणून गेलं, तर ते परत मिळत नाही.

आणि इथे प्रश्न फक्त पदकाचा नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पातळीवरच्या स्पर्धेतली कामगिरी कोणत्या गटाच्या पदाला चालते, हे शासन निर्णयात ठरवून दिलंय. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून होते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीसाठी हा एक कागद अख्ख्या घराचं गणित बदलू शकतो. म्हणून प्रवेशिका, निकालपत्र, नोंदी नीट ठेवणारा कोच खेळ शिकवणाऱ्या कोचइतकाच महत्त्वाचा.

पद दिलं तर फरक पडतो का?

यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, अकोल्याचं बॉक्सिंग बघा. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी अकोल्यात आहे आणि ती बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. निवासाची सोय, रोजचा सराव आणि एकाच खेळावर लक्ष. कापसाच्या पट्ट्यातल्या या शहराने राष्ट्रीय पातळीवर पदकं आणणारे बॉक्सर दिले. मुलं तीच, माती तीच, फरक व्यवस्थेचा.

करिअर करायचंच असेल तर?

आजच्या घडीला पक्का रस्ता क्रीडा संचालक पदाचाच. युजीसीच्या नियमांनुसार त्यासाठी शारीरिक शिक्षणात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएचडी आणि स्वतः स्पर्धा खेळल्याची नोंद लागते. शिवाय फिटनेस चाचणी असते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, तर महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर धावावं लागतं. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. दोन वर्षं बीपीएड, दोन वर्षं एमपीएड आणि मग नेट-सेट, असा हिशोब पदवीनंतर धरायचा. त्यापुढे जागा निघण्याची वाट बघणं आलंच.

शाळेत क्रीडा शिक्षक, खासगी शाळा-अकादमीत कोच आणि पंच परीक्षा देऊन पंच, हे बाकीचे पर्याय. बरेच जण यातले दोन-तीन एकत्र करतात.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, त्यामुळे खेळाची चर्चा वाढेल. पण अमरावती-अकोल्यातल्या मुलीला त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा सकाळी सहाला मैदानावर उभ्या असलेल्या तिच्या ताईला त्या कामाचा पगार मिळेल. निदान विद्यापीठाने प्रत्येक जिल्ह्यात सॉफ्टबॉलसाठी वर्षभराचा एक मानधनावरचा कोच दिला, तरी पाच माणसांत सुरुवात होऊ शकते.