स्पॅनिश घरातले पहिले आठ दिवस

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलीची बॅग भरताना आईवडील स्वेटर, लोणचे, औषधे सारे आठवणीने देतात. पण अनोळखी घरात राहायचे कसे, हे कुणी सांगत नाही. स्पेनमधील सालामांका शहरात स्पॅनिश शिकायला जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची सोय तिथल्या कुटुंबातच केली जाते. या शहरातले विद्यापीठ १२१८ सालचे. वर्गातली भाषा घरीही कानावर पडावी, हा यामागचा हेतू. पहिले आठ दिवस मात्र हीच भाषा भिंतीसारखी वाटते.

दारातली ओळख

दार उघडताच घरच्या बाई पुढे होऊन गालाला गाल लावतात, आधी एक, मग दुसरा. बावरून मागे सरू नका. त्यांच्या दृष्टीने हा आपला नमस्कारच. 'काकू' म्हणण्याची तिथे पद्धत नाही, सरळ नावाने हाक मारतात. आदरार्थी शब्द 'उस्तेद'. सुरुवात त्याने करावी. बहुधा त्याच सांगतील, "मला तू म्हण." आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही 'तू'ला 'तू'च म्हणतात!

भूक लागली तर?

खरी पंचाईत होते ती जेवणाची. सकाळी कॉफी आणि टोस्ट, दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला. संध्याकाळी सातलाच पोटात कावळे ओरडू लागतात. संकोचाने खोलीत बिस्किटे खात बसण्यापेक्षा संध्याकाळच्या खाण्याबद्दल विचारा. त्याला 'मेरिएन्दा' असे नावही आहे.

शाकाहारी असाल तर 'मांस खात नाही' एवढेच सांगून भागत नाही. हॅमचे तुकडे किंवा टूना मासा घातलेले सॅलड तरीही समोर येऊ शकते. मसुराच्या आमटीतही डुकराच्या मांसाचे सॉसेज असू शकते आणि 'तोर्तिया' म्हणजे तिथे बटाटे घालून केलेले जाड ऑम्लेट. म्हणून मांस, हॅम, मासे, अंडी यांपैकी काय चालत नाही, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. घरात 'आर्रोस कोन लेचे' झाले, तर मात्र निर्धास्त खा. ती दालचिनी घातलेली तांदळाची खीरच!

घराच्या रीती

आपल्याकडे अनवाणी वावरणे स्वच्छतेचे लक्षण. तिथे अनेक घरांत ते खटकते, म्हणून घरात घालायच्या सपाता न्या. गरम पाणी आणि दिवे जपून वापरा. जेवायला येणार नसाल तर आधी सांगा.

अबोला तोडा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी परके शब्द ऐकून डोके भणभणते आणि रडू येते. अशा वेळी दार लावून बसू नका. जेवणानंतर मंडळी टेबलाशीच गप्पा मारत बसतात, याला 'सोब्रेमेसा' म्हणतात. तिथे रोज दोन वाक्ये तरी बोला, चुकली तरी चालतील. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले काही शब्द इथे भावंडांसारखे भेटतील. बटाट्याला 'पताता', साबणाला 'खाबोन'. आणि 'पगार' म्हणजे चक्क पैसे देणे!

आईवडिलांसाठी

स्पेनचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास असते. मुलीला रोज दोन-दोन तास फोनवर अडकवू नका. तिचे मन इकडेच राहील. मात्र "सगळे ठीक आहे" एवढ्यावरही थांबू नका. "आज काय जेवलीस, कुणाशी बोललीस?" असे विचारा. पुरेसे जेवण मिळत नसेल किंवा कुणाचे वागणे खटकत असेल, तर तिने ते भिडेपोटी सोसू नये. राहण्याची व्यवस्था करणाऱ्या कार्यालयाला लगेच सांगावे आणि घर बदलून मागावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

नव्या घरात रुळायला वेळ लागतोच. पण संकोच सोडून भूक, आवड आणि अडचण सांगता आली, की परक्या भाषेतले पहिले धडे तिथेच पक्के होतात.