घड्याळ नसलेला खेळ

चाळीसगावजवळचे पाटण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ काढला, असे १२०७ चा शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांत चार आयुधे किती प्रकारांनी देता येतील? २४. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे? ३६,२८,८००. आयुधे सहाच वाढली, पण उत्तर कोठल्या कोठे गेले!

मांडणीच्या खेळांची सारी गंमत या वाढीत आहे. तरुणपणी हिंदुस्थानात तोफखान्यात नोकरी केलेले ब्रिटिश गणिती पर्सी मॅकमहन यांनी १९२१ साली असा एक खेळ प्रसिद्ध केला. चौकोनी तुकड्याच्या चार कडांना तीन रंग द्यायचे. असे वेगवेगळे तुकडे बरोबर २४ होतात. ते सहा बाय चारच्या आयतात मांडायचे. शेजारच्या कडांचे रंग जुळले पाहिजेत आणि बाहेरची कड सगळी एकाच रंगाची हवी. तुकडे फिरवण्याचे सोडा, नुसत्या त्यांच्या जागा बदलण्याचे प्रकारच २४ अंकी संख्येइतके भरतात!

एखाद्या हौशी माणसाला हा खेळ फावल्या वेळात संगणकावर बसवता येतो. रंगांना १, २, ३ म्हणावे, की तुकडा म्हणजे चार अंक झाले. वरच्या कडेपासून उजवीकडे मोजत, समजा, ११२३. तुकडा उजवीकडे एकदा फिरवला की ३११२. जुळणी तपासणे म्हणजे शेजारचे दोन अंक सारखे आहेत की नाहीत एवढेच पाहणे. पुन्हा अंकपाशच!

मग करणाऱ्याला मोह होतो, कोपऱ्यात घड्याळ लावण्याचा. माझ्या मते येथेच खेळ बिघडतो. तिसऱ्या तुकड्याची चूक पुष्कळदा विसाव्या तुकड्याला कळते; मागे जाऊन ती शोधणे हाच तर खेळ! घड्याळ लावले की माणूस बसेल तो तुकडा बसवतो आणि मोजला जातो तो बोटांचा वेग. यंत्राला मात्र थांबण्याचा कंटाळा नाही.

१९६४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे हेच कोडे संगणकाला घातले, तेव्हा १२,२६१ निरनिराळ्या मांडण्या निघाल्या. त्यांतली एक सापडेपर्यंत पडदा तसाच ठेवून जेवून आले तरी चालते.