विश्लेषण : अर्धांगवायूच्या रुग्णासाठी पातळ चहाच धोक्याचा का ठरतो? गिळण्याचा त्रास असताना काय आणि कसे भरवावे?

अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण आठ-दहा दिवसांनी घरी येतो. हातपाय साथ देत नसतात, पण माणसे ओळखू येतात. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘पातळ काहीतरी देत राहा.’ शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावात हे ‘पातळ काहीतरी’ म्हणजे चहा, डाळीचे पाणी, नाहीतर दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. काही दिवसांनी ताप येतो, छाती घरघरते आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. निदान होते न्यूमोनियाचे. गारठा बाधला असे घरचे समजतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष त्या चहाच्या कपात असतो.

गिळताना नेमके काय बिघडते?

घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका अगदी शेजारी-शेजारी उघडतात. घास घशात पोहोचला की स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि घास मागच्या वाटेने खाली जातो. हे सगळे साधारण एका सेकंदात होते. त्यासाठी मेंदूतून निघणाऱ्या पाच नसांच्या जोड्या आणि तीसच्या आसपास स्नायू एकाच तालात चालावे लागतात. मेंदूला धक्का बसला की हा ताल चुकतो. या त्रासाला वैद्यकीय भाषेत ‘डिसफेजिया’ म्हणतात. झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो. पार्किन्सन, डिमेन्शिया, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग आणि त्यावरची रेडिएशन थेरपी यांतही तो आढळतो.

पाण्याची अडचण त्याच्या वेगात आहे. घट्ट घास हळू सरकतो, त्यामुळे मंदावलेल्या स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. पाणी किंवा चहा श्वासनलिका मिटण्याआधीच घशात उतरतो. दूध-भाकरी त्याहून अवघड, कारण त्यात पातळ दूध आणि रवाळ भाकरी एकाच घासात येतात. दोन्ही एकाच वेळी सांभाळणे कमकुवत जिभेला जमत नाही. पातळ डाळ आणि भाताचेही तेच.

ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक?

नाही. घशाची संवेदना कमी झालेली असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. म्हणून ठसक्यापलीकडची लक्षणेही पाहावी लागतात. जेवल्यानंतर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येणे, गालात घास साठून राहणे, लाळ गळणे, जेवणाला नेहमीपेक्षा खूप वेळ लागणे, वारंवार ताप येणे आणि वजन घटणे ही त्यातली महत्त्वाची. झटक्यानंतर तोंडाने काहीही देण्याआधी रुग्णालयात प्रशिक्षित व्यक्तीकडून गिळण्याची तपासणी व्हायला हवी. शंका राहिली तर नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेचे चित्रण करून घास कुठे जातो ते पाहता येते.

खेड्यात हा प्रश्न किती मोठा आहे?

गिळण्याच्या त्रासाची वेगळी मोजदाद गावपातळीवर होत नाही. पण तो ज्या आजारातून येतो, त्याचा अंदाज गडचिरोलीतून मिळतो. तेथील ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली. १,५९९ पैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हे प्रमाण जास्त होते. पक्षाघात हा शहरी, बैठ्या माणसांचा आजार, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

घट्टपणा मोजायचा कसा?

‘थोडे घट्ट द्या’ या सल्ल्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो. तो गोंधळ टाळण्यासाठी ‘इडसी’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत तयार झाली. तिच्यात पेये आणि पदार्थ यांना ० ते ७ असे स्तर दिले आहेत. पाणी ०, नेहमीचे जेवण ७. मोजणीला प्रयोगशाळा लागत नाही. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज पुरते. (सिरिंजच्या नळीची लांबी कंपनीनुसार बदलते. शून्यापासून १० मिलीच्या खुणेपर्यंत ती ६१.५ मिलिमीटर हवी.) खालचे तोंड बोटाने बंद करून सिरिंज १० मिलीपर्यंत भरायची, बोट काढायचे आणि १० सेकंदांनी पुन्हा बंद करायचे. आत १ मिलीहून कमी उरले तर ते पाण्यासारखेच पातळ. १ ते ४ मिली उरले तर स्तर १, ४ ते ८ मिली उरले तर स्तर २, त्याहून जास्त उरले तर स्तर ३. काहीच वाहिले नाही तर स्तर ४. या स्तराचा पदार्थ चमच्यात आकार धरून राहतो आणि चमचा कलता केला की फारसा न चिकटता एकसंध घसरतो. रुग्णाला कोणता स्तर चालेल, हे मात्र तपासणीनंतर स्पीच थेरपिस्ट किंवा डॉक्टरांनीच ठरवायचे.

एकदा स्तर कळला की बाकीचे काम स्वयंपाकघरात होऊ शकते. गाठी न होऊ देता शिजवलेले नाचणीसत्त्व, मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, घोटलेले चक्क्यासारखे दही, दूध घालून एकजीव केलेले रताळे यांचा घट्टपणा हवा तसा जमवता येतो. बाजरीची भाकरी मात्र या काळात बाजूला ठेवावी लागते. ती कोरडी असते आणि तोंडात तिचा भुगा होतो. निमोण्याच्या पट्ट्यात भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे रुग्णाला हे सर्वात जड जाते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पिठाने घट्ट केलेल्या पेजेत उष्टा चमचा पुन्हा पुन्हा बुडवला, तर लाळेतला घटक पिष्टाचे विघटन करतो आणि वाटीतली पेज खाता खाताच पातळ होते. म्हणून मोठ्या वाटीतून भरवण्याऐवजी थोडी थोडी वेगळी काढून द्यावी.

पोषण कमी पडते ते कसे?

मिक्सर फिरावा म्हणून पाणी ओतले जाते. वाटी भरलेली दिसते, पण अन्न निम्मेच असते. ढोबळ हिशेब असा : ५० किलोच्या व्यक्तीला दिवसाला साधारण १,२५० ते १,५०० कॅलरी आणि किमान ५० ग्रॅम प्रथिने लागतात. पेजेच्या चार वाट्यांतून ती मिळत नाहीत. पाण्याऐवजी दूध, वर दूध पावडर, घोटलेली डाळ आणि तूप घातले तर तेवढ्याच घासांत जास्त पोषण जाते. मोठा चमचाभर तुपातच सुमारे १२० कॅलरी असतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. घट्ट पेये रुग्णाला आवडत नाहीत आणि तो कमी पितो. लघवी कमी किंवा गडद होऊ लागली, तर शरीरात पाणी कमी पडत असल्याचे समजावे.

भरवताना काय चुकते?

खाटेवर आडव्या असलेल्या रुग्णाच्या तोंडात तांब्याने वरून पाणी सोडणे, ही सर्वात घातक सवय. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिक मोकळी होते. रुग्णाला ताठ बसवावे, झोपेत किंवा ग्लानीत भरवू नये, छोटा चमचा वापरावा आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती सर्वांना चालत नाही, ती तपासणीनंतरच वापरावी. रोज दात आणि जीभ स्वच्छ करणे हाही न्यूमोनिया टाळण्याचा भाग आहे, कारण फुप्फुसात लाळेबरोबर तोंडातले जंतूही जातात. मशेरी ही त्यासाठीची स्वच्छता नव्हे. गोळ्या सरसकट कुटून देऊ नयेत. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

नाकातली नळी कायमची असते का?

बहुतेकांची नसते. अनेक रुग्णांचे गिळणे पहिल्या काही आठवड्यांत सुधारते. जीभ आणि घशाच्या स्नायूंचे व्यायाम, जोर लावून गिळण्याचा सराव यांचाही उपयोग होतो. नळी चार आठवड्यांहून जास्त काळ लागेल असे दिसले, तर पोटातून थेट नळी बसवण्याचा विचार केला जातो. अडचण वेगळीच आहे. नळीसह घरी आलेल्या रुग्णाचे गिळणे सुधारले का, हे पुन्हा पाहायला कोणी नसते. स्पीच थेरपिस्ट प्रामुख्याने पुण्यासारख्या शहरांत आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला निमोण्याहून पुण्याला नेऊन आणायचे तर गाडीचे भाडे आणि घरातल्या दोघांचा दिवस जातो. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळीच तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : अन्नाचा आणि पेयाचा स्तर, कुटून देता येणाऱ्या गोळ्यांची नावे आणि गिळण्याच्या पुढच्या तपासणीची तारीख.